मासिकांचं स्टूल कललं आणि आतून वास येतोय: काय चुकलं, आणि पुन्हा कसं करायचं

लातूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वडिलांनी चाळीस वर्षं जमवलेली मासिकं, साप्ताहिकं आणि दिवाळी अंक घरात दोन कपाटं भरून आहेत. वडील गेले. रद्दीवाल्याला द्यायला मन धजत नाही, म्हणून गेल्या उन्हाळ्यात व्हिडिओ बघून त्यांनी एक स्टूल केलं. अंक एकावर एक फेव्हिकॉलने चिकटवले आणि वरून तीन हात व्हार्निश मारलं. श्रावणापर्यंत स्टूल एका बाजूला कललं, आणि आता जवळ गेलं की कुबट वास येतो. त्या विचारतात, फेव्हिकॉल कमी पडला का? पुन्हा करायचं तर कसं? आणि वडिलांच्या सह्या असलेली पानं यात वापरावीत का?

ताई, फेव्हिकॉल कमी नाही पडला, जास्त झाला. व्हार्निशही घाईने मारलं गेलं. मी जालन्यात बाइंडिंगच्या दुकानात वाढलो, बावीस वर्षं वह्या-पुस्तकं बांधली आणि गेली अकरा वर्षं जुन्या मासिकांचं फर्निचर करतो. तुमचं जे झालं, तेच माझं पहिल्या वर्षी झालं होतं. एका शाळेच्या वाचनालयासाठी एप्रिलमध्ये आठ स्टुलं करून दिली होती. ऑगस्टमध्ये निरोप आला की मुलं बसायला तयार नाहीत, वास येतो. आठही परत आणली आणि त्यातलं एक करवतीने उभं चिरलं. बाहेरचे चार बोटं अंक खडखडीत होते. आत जावं तसा कागदाचा रंग मळकट होत गेला, मग त्यावर काळे ठिपके दिसायला लागले. मधोमध बोट टेकवलं तर गार लागलं. आणि तिथला फेव्हिकॉल चार महिन्यांनंतरही दुधासारखा पांढरा होता. फेव्हिकॉल वाळला की पारदर्शक होतो, हे तुम्ही पाहिलंच असेल. पांढरा राहिला याचा अर्थ तो वाळलाच नव्हता.

कारण साधं आहे. फेव्हिकॉलमध्ये जवळपास निम्मं पाणी असतं आणि ते पाणी बाहेर पडलं तरच चिकटतं. साधा खरखरीत कागद ते पिऊन हळूहळू हवेत सोडतो. पण मासिकांचा गुळगुळीत कागद, ज्याला आपण आर्ट पेपर म्हणतो, त्यावर चिनी मातीचा नाहीतर खडूच्या भुकटीचा थर दिलेला असतो. छपाई झळकते ती त्यामुळेच. त्या थरातून पाणी सहज जात नाही. असे शंभर अंक एकावर एक चिकटवले की मधलं पाणी कोंडून राहतं. त्यावर तुम्ही चारही बाजूंनी व्हार्निश मारलं, म्हणजे उरलीसुरली वाटही बंद झाली. मग पावसाळा लागला.

कलण्याचं कारण वेगळं. कुठलंही मासिक हातात घेऊन बघा, पिना मारलेली बाजू जाड असते आणि उघडी बाजू पातळ. एका अंकात फरक जेमतेम डोळ्यांना दिसेल एवढा, पण सगळ्या पाठी एकाच बाजूला ठेवून साठ अंक रचले की तोच फरक दोन बोटांचा होतो. त्यात ओल लागली की कागद फुगतो, आणि तोही सगळीकडे सारखा नाही.

आता मुद्द्याचं सांगतो. कागदाच्या फर्निचरला ताकद गोंदाने येत नाही, दाबाने येते. बाइंडिंगवाल्याला हे शिकंजा, म्हणजे पानांचा गठ्ठा आवळून धरायचं यंत्र, शिकवतो. शिकंज्यात आवळलेल्या दोनशे पानांवर हातोडी मारा, विटेसारखा आवाज येतो. तीच पानं सैल सोडा, पंख्याच्या वाऱ्याने उडतात. म्हणून पुन्हा कराल तेव्हा गोंद फक्त कागद जागच्या जागी धरायला, टिकलीएवढा लावा. वजन पेलायचं काम आवळलेल्या कागदावर सोडा.

आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागू नये. ज्वारीचं एक ताट दोन बोटांनी मोडतं. कडब्याची पेंढी करकचून बांधून उभी केली तर तिच्यावर माणूस बसतो. मी गेली काही वर्षं करतो ती पद्धत हीच आहे. अंक आडवे रचायचे नाहीत. सुरळ्या करून उभ्या ठेवायच्या आणि पेंढीसारख्या बांधायच्या.

सुरळीचंही एक शास्त्र आहे. कागद बनताना त्यातले तंतू बहुतेक एका दिशेने झोपतात. मासिकाचं एक पान उभं फाडून बघा, एक आडवं. एका दिशेने फाट सरळ जाते, दुसऱ्या दिशेने वेडीवाकडी. सरळ फाटतं ती तंतूंची दिशा, आणि बहुतेक मासिकांत ती पाठीला समांतर असते. म्हणून अंक पाठीकडून गुंडाळायला सुरुवात करावी, म्हणजे पाठ सुरळीच्या गाभ्यात जाते आणि तंतू उभे राहतात. अशी सुरळी वळायलाही सोपी आणि वजनालाही पक्की. व्हिडिओत काही जण जोडपान उघडून आडवं गुंडाळतात, कारण त्याने उंची जास्त मिळते. ती सुरळी तंतूंच्या विरुद्ध वळलेली असते. सोडली की उलगडते आणि दाबली की मधेच मुडपते. टोपलीला चालेल, बसण्याच्या वस्तूला नको.

उंचीची अडचण राहतेच. साप्ताहिकाची उंची सत्तावीस सेंटीमीटरच्या आसपास, दिवाळी अंक बरेचदा चोवीसचे. बसायला बेचाळीस-पंचेचाळीस सेंटीमीटर लागतात. माझा हिशेब असा: सुरळ्या सत्तावीस, खाली-वर बारा मिलिमीटरचा प्लाय, तळाला पायांसारखे दोन सेंटीमीटरचे रबरी बूश आणि वर दहा सेंटीमीटरची घट्ट गादी. एकेचाळीस-बेचाळीस होतात. गादी लावली नाही तर तीच वस्तू भारतीय बैठकीसमोरचा चहाचा चौरंग होते, आणि खरं सांगायचं तर मासिकांना हीच उंची सगळ्यात शोभते. पस्तीस सेंटीमीटरच्या, म्हणजे चौदा इंचांच्या गोलात साप्ताहिकांच्या दीडशेच्या आसपास सुरळ्या बसतात, जाड दिवाळी अंक असतील तर पंचेचाळीस-पन्नास. वजन अठरा-वीस किलो भरतं. घरातल्या ज्येष्ठांना उचलावं लागणार असेल तर आधीच लहान करा.

सुरळ्या वळण्याआधी दोन कामं आहेत आणि दोन्ही कंटाळवाणी आहेत. पहिलं, पिना काढा. त्या पावसाळ्यात गंजतात आणि गंज कागद खातो. बोथट सुरीचं टोक घालून उचकटा, पक्कडने ओढलं तर पान फाटतं. दुसरं, सगळे अंक एका उंचीचे करा. कललेल्या स्टुलांपैकी निम्मी तरी इथेच फसलेली असतात. दोन सुरळ्या बाकीच्यांपेक्षा तीन मिलिमीटर उंच राहिल्या तर बसणाऱ्याचं सगळं वजन त्या दोघींवर येतं, त्या दबतात आणि प्लाय तिरका होतो. घरी कात्रीने हे होत नाही. जवळच्या छापखान्यात जा, कटिंग मशीनवर सगळे गठ्ठे एका मापात कापून घ्या. पिना काढल्यात हे त्यांना आधी सांगा, नाहीतर पात्याच्या भीतीने ते हात लावणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

आता बांधणी. यावर वेळ घाला, बाकी कशावर कमी घातला तरी चालेल.

मधली सुरळी अर्ध्या इंची वायरिंगच्या पाइपवर गुंडाळा. त्या पाइपमधून पुढे आट्यांची सळई जाणार आहे, म्हणजे कागदाला भोक पाडावं लागत नाही. भोक पाडायच्या नादात मी सुरुवातीला कितीतरी अंक वाया घालवले, ड्रिल तापतं आणि पानं आत भोवऱ्यासारखी फिरून फाटतात. प्रत्येक सुरळीचं शेवटचं पान टोकाला फेव्हिकॉलच्या दोन ठिपक्यांनी बंद करा आणि सगळ्या सुरळ्या दोन दिवस उन्हात उभ्या ठेवा. मग मधल्या सुरळीभोवती एकेक फेर लावत जा. प्रत्येक फेरानंतर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा. पंक्चरच्या दुकानात ती फुकट मिळते आणि रबराचा दाब सगळीकडून सारखा येतो, सुतळीचा येत नाही. मोकळ्या फटी दिसतील तिथे पातळ अंकाची बारीक सुरळी ठोकून बसवा, लाकडी हातोडीने, हळू.

सगळे फेर झाले की ट्रकवाले माल बांधायला वापरतात तो रॅचेटचा पट्टा बाहेरून लावून आवळा. पहिल्या दिवशी वाटेल की आता यापुढे जागाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच पट्टा सैल झालेला असेल. पट्टा बिघडलेला नाही, कागद दबून बसतोय. पुन्हा आवळा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. माझ्याकडे पट्टा सैल पडायचा थांबायला चार-पाच दिवस लागतात. पेंढी तयार झाली हे कानानेही कळतं. थाप मारली की आधी भस्स असा आवाज येत असतो, तो बदलून टणक होतो. मग वरून पाच सेंटीमीटरवर, खालून पाच सेंटीमीटरवर आणि मधोमध असे नवारीचे तीन बंध घट्ट घालून दाभणाने शिवून टाका आणि मगच रॅचेट काढा. नवार सुती घ्या. प्लास्टिकची पट्टी कागदाच्या कडा कापते.

खाली-वर प्लाय ठेवून पाइपमधून दहा मिलिमीटरची आट्यांची सळई घाला, दोन्हीकडे मोठा वायसर आणि नट. वरचा नट प्लायमध्ये खोबण करून आत बसवा. या सळईवर कुणी बसत नाही, पेंढी दाबून ठेवणं एवढंच तिचं काम. म्हणून महिन्याने एकदा आणि पहिल्या पावसाळ्यानंतर एकदा पाना लावून अर्धा-पाऊण आटा आवळायला विसरू नका. माणूस बसवण्याआधी पन्नास किलोची सिमेंटची गोणी रात्रभर ठेवून बघा.

कागदावर एवढा भार टाकायला अनेकांना धीर होत नाही, तो धरायला हरकत नाही. शिगेरू बान या जपानी वास्तुरचनाकाराने २००१ च्या भूकंपानंतर भूजमध्ये कागदी नळ्यांच्या भिंतींची घरं उभी केली होती. त्याआधी १९९५ मध्ये कोबे इथेही. पुढे २०१४ मध्ये त्यांना प्रित्झकर पुरस्कार मिळाला. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आठवणाऱ्या आपल्या माणसांना जड दगडमातीचं छत काय करतं ते वेगळं सांगायला नको. कागदाची नळी उभी दाबली तर किती पेलते, हे ती घरं बघितल्यावर पटतं. फक्त त्या नळ्या पाण्यापासून जपलेल्या असतात, आणि आपल्यालाही तेच करायचंय.

बरेच जण मला विचारतात, लगदा करून साच्यात का नाही घालायचा? आपल्याकडे आजी-पणजी कागद भिजवून, कुटून, त्यात मेथ्या वाटून टोपल्या करायच्याच की. टोपलीला ते उत्तम. पण स्टुलाएवढा जाड लगदा आतून वाळायला महिने लागतात, म्हणजे पुन्हा आपल्या दुखण्याशीच आलो. शिवाय त्याला पाणी फार लागतं. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद कसा करतात ते मी मुद्दाम बघून आलो. चिंध्यांचा लगदा पाण्याने भरलेल्या हौदात ढवळतात आणि एकेक कागद जाळीवर उचलतात. सुंदर काम आहे, पण ते हौदाशिवाय होत नाही. २०१६ मध्ये तुमच्याच लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. रद्दीचा लगदा करायला मराठवाड्यात मी तरी कुणाला सांगणार नाही. सुरळ्यांना एक तांब्याही पाणी लागत नाही.

वाळवी आणि कसर हा आपल्याकडचा मोठा प्रश्न, विशेषतः माळवदाच्या किंवा मातीच्या भिंतींच्या घरांत. बाइंडिंगवाले खळीत, म्हणजे मैद्याच्या चिकीत, मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात, ती खळ किडे खात नाहीत. मी मधल्या फेरांना खळच वापरतो, पाव किलो मैद्याला अर्धा चमचा मोरचूद, आणि तीही टोकाला बोटभरच. पण मोरचूद विष आहे. हातमोजे घाला, स्वयंपाकाचं भांडं किंवा चमचा वापरू नका, आणि घरात रांगतं मूल असेल तर मोरचूद नकोच. टाकणखार (बोरॅक्स) घालतात असंही कुणी सांगेल. तो खळीत चालतो, पण फेव्हिकॉलमध्ये चुकूनही टाकू नका, गोंदाचा रबरासारखा गोळा होतो. मुलं घरी स्लाइम करतात ते याच युक्तीने. कडुनिंबाचा पाला मी दोन-तीन वर्षं घालून पाहिला, माझ्या अनुभवात त्याने विशेष फरक पडला नाही. फरक पडतो तो बूशांनी. स्टूल जमिनीपासून दोन सेंटीमीटर वर असलं की वाळवीची मातीची नळी लगेच डोळ्यांना दिसते, आणि शहाबादी फरशीची पावसाळ्यातली ओलही वर चढत नाही. भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. मे महिन्यात दोन दिवस कडक उन्हात काढा.

पॉलिश शेवटी, आणि फक्त वरच्या प्लायला. बाजूच्या सुरळ्यांना काहीही लावू नका, कागदाला श्वास घेऊ द्या. वरचं तोंड उघडं ठेवायची हौस असेल, आणि ती असावीच, कारण सुरळ्यांची तोंडं वरून बघितली की रंगीत कडांची वर्तुळं झाडाच्या बुंध्यासारखी दिसतात, तर लाकडाच्या प्लायऐवजी जाड टफन्ड काच बसवा. काचवाल्याकडून मधलं सळईचं भोक आधीच पाडून घ्या, नंतर त्या काचेला भोक पाडता येत नाही. नट आवळताना काचेच्या दोन्ही बाजूंना रबरी वायसर घाला. सुरळ्यांच्या तोंडांवर स्पिरिटमधल्या चपडीचा (लाखेच्या पॉलिशचा) एक पातळ हात चालतो, त्यात पाणी नसतं आणि तो तासाभरात सुकतो. मात्र चपडीवर गरम कप ठेवला की पांढरा डाग पडतो, म्हणूनही काच बरी. समई, शेगडी, अंगण आणि न्हाणी या चार ठिकाणी ही वस्तू कायमची ठेवायची नाही. काम दिवाळीनंतर सुरू करा आणि होळीच्या आत संपवा, तेव्हाची हवा कोरडी असते आणि उन्हाचा चटकाही नसतो.

तुमचं जुनं स्टूल दुरुस्त करत बसू नका. तोंडाला मास्क बांधून अंगणात फोडा. बाहेरचे कोरडे अंक उन्हात घालून पुन्हा वापरता येतील. काळे ठिपके आलेले टाकून द्या, त्यांची बुरशी चांगल्या गठ्ठ्यात शिरते.

आणि आता ज्याच्यासाठी हे एवढं लिहायला बसलो ते. कपाटं रिकामी करण्याआधी दोन दिवस खाली मांडी घालून एकेक अंक बघा. दिवाळी अंकांची प्रथा काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मासिक मनोरंजन’ने १९०९ मध्ये सुरू केली, तेव्हापासून निघालेल्या अंकांची संख्या अफाट आहे. गेल्या तीस-चाळीस वर्षांतले खपाचे अंक ग्रंथालयांत भरपूर आहेत, ते मोकळ्या मनाने गुंडाळा. पण १७ सप्टेंबर १९४८ च्या आधीचं, निजामाच्या राज्यातलं काहीही मराठी छापील सापडलं तर त्याला पिनही लावू नका. त्या काळातलं नियतकालिक आता सहज मिळत नाही. मराठवाडा साहित्य परिषदेच्या ‘प्रतिष्ठान’चे जुने अंक, एखाद्या तालुक्याच्या गावातून निघून चार-पाच अंकांत बंद पडलेलं मासिक, शाळा-कॉलेजांची वार्षिकं, कुठल्याही मासिकाचे सलग वर्षांचे संच, हे बाजूला काढा आणि एखाद्या मोठ्या ग्रंथालयाला किंवा विद्यापीठाला आधी विचारा. बांधणीच्या दुकानात असताना माझ्या हातून काय काय पुठ्ठ्याच्या आतल्या अस्तराला गेलं असेल, ते आठवलं की अजून झोप उडते.

वडिलांच्या सह्यांची पानं सुरळीत घालू नका, आत गेली की दिसणार नाहीत. पहिलं पान धारदार कटरने पाठीपासून सोडवा. त्या अंकाची बाकीची सुरळी करायला हरकत नाही. माझ्याकडे अंबाजोगाईचं एक कुटुंब आलं होतं. त्यांच्या आजोबांना प्रत्येक अंकावर विकत घेतल्याची तारीख निळ्या शाईने घालायची सवय. ती पानं आम्ही चौरंगाच्या काचेखाली गोलाकार लावली, तारखेच्या क्रमाने, मधोमध सळईच्या नटाभोवती शेवटचं. काचेखाली लावताना डिंक किंवा सेलोटेप नको, पाच-सात वर्षांत त्याचा पिवळा डाग पडतो. चारही कोपऱ्यांना आडवी चीर देऊन कागदाच्याच पट्टीत खोचा, म्हणजे हवं तेव्हा बाहेर काढता येतील. आणि चौरंग खिडकीच्या उन्हात ठेवू नका, शाई उडते.